अमेरिकेचं येसर

राजेश्वर गावच्या अंकुशरावांना दोन गोष्टींचा फार अभिमान. एक गळ्यातली तुळशीची माळ, दुसरी तोंडातली जीभ. माळ कधी उतरली नाही आणि जीभ कधी गप्प बसली नाही. आमटीत मीठ चिमूटभर इकडंतिकडं झालं की ताट पुढं सरकलंच म्हणून समजा, आणि ताट सरकलं की घरातल्या बायकांची पळापळ. अशा घरात पल्लवी सून होऊन आली, तीही विज्ञान शिकलेली, बी.एड. झालेली. आता काय बोलावं!

मुलगी बघायला आले तेव्हा हेच अंकुशराव उदगीरला तिच्या बापाच्या बैठकीत बसून म्हणाले होते, "नोकरी करंल की! शिकलेली पोरगी घरात ठिवून काय लोनचं घालायचंय?" सगळे हसले, सुपारी फुटली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी पल्लवी घरातच होती. लोणचं बरीक दर साली घालत होती.

नवरा शिवप्रसाद. हायवेच्या नाक्यावर त्याचं खताचं दुकान. माणूस सोन्यासारखा, बायकोचं म्हणणं त्याला पटायचं, पण बापापुढं उभा राहिला की तोंडात गुळणी धरल्यासारखा. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तिला गज, आणि गजांतून लांबवर बसवकल्याणची बस जाताना दिसायची. पल्लवी भाकरी थापता थापता ती बस दिसेनाशी होईस्तोवर बघत राहायची. भाकरी करपायची. मग पुन्हा ऐकून घ्यायचं.

होळीच्या सुमाराला तिचं नशीब जरा हललं. बसवकल्याणच्या एका मराठी शाळेला विज्ञानाची बाई पाहिजे होती. मोठ्या बाई सुधारानी मॅडमनी फोनवरच सांगितलं, "या तुम्ही. शाळा उघडली की रुजू व्हा." अंकुशराव त्या दिवशी खुशीत होते, हरभऱ्याला भाव बरा लागला होता. म्हणाले, "जा की. तवर तुझी सासू जनवाड्याहून येती. चूल ती बघंल." सासू सुशीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला जनवाड्याला गेल्या होत्या. म्हणजे सगळं ठरलं. तेवढे दोन महिने चूल सांभाळायची की सुटका!

पण पल्लवीनं काय केलं, तर येसराच्या डब्यात ओला चमचा घातला.

येसर म्हणजे त्या भागाचा जीव की प्राण. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खोबरं, मिरच्या, सगळं खमंग भाजून एकत्र दळलेलं पीठ. लग्नात येसराची आमटी नसली तर वऱ्हाडी उठून जातील अशी गत. पाण्यात कालवायचं, फोडणीत सोडायचं, आमटी आपोआप दाट होते. आणि राजेश्वरात येसर म्हटलं की सुशीलाबाईंचंच. कुणाच्याही घरी लगीन निघालं की पहिली हळद त्यांच्या जात्याला लागायची. जाताना त्या सुनेला डबा देऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "पोरी, पाणी लागू देऊ नको." तेवढंच एक सांगणं, आणि तेवढंच हिच्या हातून निसटलं. एक दिवस झाकण उघडलं तर आत हिरवी बुरशी.

नेमके त्याच दुपारी अंकुशराव रानातून आले ते ओरडतच. "पल्लवी! आज येसराची आमटी कर गं. तोंडाची चव गेलीया."

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. खरं सांगावं तर ताट सरकणार, सासूला फोन जाणार, आणि 'डबा सांभाळता येत न्हाई, शाळा काय सांभाळती' हे ऐकावं लागणार. तेवढ्यात तिला तिच्या बहिणीची पाकिटं आठवली. अंजू, थोरली बहीण, टेक्सासला असते. दिवाळीत आली तेव्हा ढीगभर पाकिटं देऊन गेली होती. टाको मसाला. "तिकडचं येसरच समज," अंजू म्हणाली होती, "बटाट्यात घाल, उसळीत घाल, शेंगदाण्याला चोळ. कशातबी खपतं." पल्लवीनं मागं बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं होतं: मिरची, जिरे, लसूण, कांदा, मीठ, साखर, ओव्याच्या वासाचा कसलासा पाला आणि दाटपणाला मक्याचं पीठ. सगळा झाडपाल्याचा माल. तिनं एक पाकीट फाडलं, थोडं भाजलेलं ज्वारीचं पीठ मिसळलं, पाण्यात कालवून फोडणीत सोडलं. आमटी दाटली. रंगही आला. देवाचं नाव घेतलं आणि ताट वाढलं.

अंकुशरावांनी भाकरी चुरली, आमटी ओतली, एक घास घेतला आणि थांबले. पल्लवीचा जीव टांगणीला.

"आगं!" ते म्हणाले. "ही काय केलीस तू?"

"येसराचीच हाय मामा."

"माझी माय गेल्यापून असली आमटी तोंडाला लागली न्हाई बघ!" आणि बोटं चाटली. खरंच चाटली. शिवप्रसाद बघतच राहिला.

बाई आनंदली हो! दुसऱ्या दिवशी मुगाच्या उसळीत घातलं, तिसऱ्या दिवशी पिठल्यात. शेंगदाणे तेलात परतून त्यावर भुरभुरलं, तर अंकुशरावांनी खिसा भरून रानात नेले. चुरमुऱ्याला लावलं, दशमीच्या पिठात मळलं. घरात सासरा खूश म्हणजे शाळेचा रस्ता मोकळा, असा तिचा हिशेब. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सुशीलाबाई जनवाड्याहून परत आल्या, हौसेनं ताजं येसर दळलं, आमटी केली, आणि तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. अंकुशरावांनी बायकोच्या येसराच्या आमटीचं ताट सरकवलं.

"सुशीला, तुझ्या हातात आता ती गोडी न्हाई. पल्लवीलाच करू दे."

सुशीलाबाईंनी ताट उचललं. आमटी मोरीत ओतून त्या रिकामी वाटी घासत बसल्या, ते पल्लवीनं पाहिलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मामा, शाळा उघडायला आली," तिनं संध्याकाळी भीत भीत विषय काढला.

"कसली शाळा?" अंकुशराव म्हणाले. "तू गेलीस तर माझ्या ताटात काय पडंल? गुमान घरात ऱ्हा. लक्ष्मीचा हात हाय तुझा, तो खडूत कामून घालायलीस?"

झालं. कौतुकाचंच कुलूप लागलं. शिव्या खाऊन बसलेली बाई भांडून तरी उठते, कौतुक करून बसवलेली कशी उठणार? शिवप्रसादला म्हणाली तर तो म्हणतो, "अप्पा एवढं नाव घ्यायल्यात तुझं. जरा दमानं घे की." दमानं! दोन वर्षं काय ती धावत होती?

खरं सांगून टाकावं, असं रोज मनात यायचं. पण पाकिटावरचं चित्र! एका कुरकुरीत पोळीच्या घडीत भरलेला तांबडा खिमा, वर चीज, वर कोथिंबीर. आतला मसाला कितीही सोवळा असू दे, माळकऱ्याच्या डोळ्यांना ते चित्र दिसलं तर घरात आगच लागणार. म्हणून रिकामी पाकिटं ती चुलीत घालायची आणि भरलेली तांदळाच्या कोठीत खोल दडवायची. प्रत्येक वेळी कोठीत हात घातला की पाकिटं कमी लागायची. संपली तर चव जाणार, चव गेली तर विचारणा होणार. उरली तर चुलीपुढंच मरायचं. इकडं आड, तिकडं विहीर. भाकरी थापताना तिला वाटायचं, आपण ह्या घरात नांदायला आलो नाही, ह्या घरानं आपल्याला गिळलंय.

सुधारानी मॅडमचा फोन आला. "पल्लवी, सोमवारी शाळा उघडायलीय. तू न्हाई आलीस तर दुसरी बाई तयार हाय. मी किती दिस थांबू?"

"येते मॅडम," ती म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली ते तिचं तिला माहीत नाही.

आणि त्याच आठवड्यात हळ्ळीखेडहून गुंडेराव आले. अंकुशरावांचे जुने दोस्त. त्यांच्या लेकीचं लगीन ठरलं होतं. जेवायला बसले, एक वाटी आमटी झाली, दुसरी झाली, तिसरी मागितली. "अण्णा, ही आमटी हाय का अमृत?"

अंकुशरावांची छाती फुगली. "आमच्या सुनंच्या हातची. ऐक गुंडू, तुझ्या लेकीच्या लग्नाचं येसर ह्या खेपंला पल्लवी दळनार. सगळ्या गावजेवणाचं! सोमवारीच जात्याला हळद लावू."

पल्लवी वाढायला वाकलेली तशीच राहिली. सोमवारी! गावजेवणाचं येसर, आणि कोठीत उरलेली दोन पाकिटं. तिनं वर पाहिलं. उंबऱ्याशी सुशीलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तीस वर्षं ज्या मानावर ती बाई जगली तो मान नवऱ्यानं भर पंगतीत, तिला न विचारता, दुसरीच्या ओटीत टाकला होता. सुशीलाबाईंचा चेहरा असा पडला की बघवेना.

पल्लवीच्या डोक्यात काहीतरी तुटलं. सुटायचा डाव वगैरे काही नव्हता हो तिच्या मनात. बस्स, आता पुरे, एवढंच. ती आत गेली, कोठीत हात घातला, एक पाकीट काढलं आणि सासऱ्याच्या ताटाशेजारी आणून ठेवलं.

"मामा, माझ्या हाताला चव न्हाई. ही चव ह्येची हाय. आत्याबाईचं येसर माझ्याकडून नासलं, तवापासून मी ह्येच घालायलेय."

अंकुशरावांनी पाकीट उचललं. चित्र पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. "शिवप्रसाद! हिकडं ये. काय लिव्हलंय वाच!"

शिवप्रसादला घाम फुटला. त्यानं पाकीट उलटसुलट केलं. नेमकं बारीक अक्षर सोडलं आणि मोठ्या अक्षरातली कृती वाचायला घेतली. "ह्या मसाल्यात... म्हंजी... एक पौंड खिमा घ्या, परतून घ्या, आनि त्यात हा मसाला..."

"खिमा!"

गुंडेराव ताटावरून उठले ते थेट अंगणात, घशात बोटं घालत. अंकुशरावांनी ते पाकीट भिंतीवर आपटलं. "बाटवलं! माझ्या माळेला बाटवलं!" पल्लवी ओरडून सांगत होती, "मामा, नुसता मसाला हाय, वाचा तरी, मागं लिव्हलंय," पण ऐकतो कोण. आमटीचं पातेलं उकिरड्यावर गेलं. चुलीवर गोमूत्र शिंपडलं गेलं. आणि मग अंकुशरावांनी गावाला ऐकू जाईल असा हुकूम सोडला:

"आजपून हिनं चुलीला हात लावायचा न्हाई! सयपाकघराचा उंबरा वलांडायचा न्हाई!"

पल्लवी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून रडत होती. लाज वाटत होती, रागही येत होता. रडता रडताच तिच्या कानात ते शब्द पुन्हा फिरले. उंबरा वलांडायचा न्हाई. चुलीला हात लावायचा न्हाई. तिचं रडं थांबलं. आगं बाई, मग मी घरात करायचं तरी काय? जिला चूल बंद तिला शाळा कोण बंद करणार?

शिवप्रसादलाही ते सुचलं, एवढं म्हणायला पाहिजे. रात्री मान खाली घालून म्हणाला, "मी वाचायला चुकलो गं. पन आता सोमवारी जाच तू. अप्पाला मी बघतो." अप्पाला तो काय बघणार होता, पण बोलला तरी.

सुखाचे दिवस ते नव्हते. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. शेजारच्या बाया कुंपणावरून बघायच्या आणि कुजबुजायच्या. गुंडेरावांनी निरोप धाडला की येसर सुशीलावहिनींचंच पाहिजे, दुसऱ्या कुणाचं नको. सुशीलाबाई चुलीपुढं परत बसल्या. पल्लवीशी फार बोलल्या नाहीत. पल्लवीला वाटलं, त्या आयुष्यभर बोलणार नाहीत.

आणि अंकुशराव? मेल्या त्या जिभेला काय करावं! पहिल्या दिवशी आमटी निम्मी ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सुशीला, काहीतरी कमी हाय." रविवारी संध्याकाळी ताट पार उंबऱ्यापर्यंत सरकवलं.

"बास झालं!" ते ओरडले. "उद्या पल्लवीच्या हातावर गोमूत्र शिंपडा, एक एकादशी धरू द्या, आनि बसवा परत चुलीपुढं. पाकिटाबिगर कर म्हनावं. पोरीच्या हातातच हाय काहीतरी."

बाहेरच्या खोलीत पल्लवी उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. दार किलकिलं झालं होतं ते पुन्हा लागलं. ह्या घरात चव आली तरी कोंडतात, चव गेली तरी कोंडतात!

मग आतून सुशीलाबाईंचा आवाज आला, शांत. "उद्या सकाळचं एक डाव माझ्या हातचं जेवा. न्हाई आवडलं तर बसवा तिला चुलीपुढं. मी मधी येनार न्हाई."

सोमवारी सकाळी पल्लवी साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून पडवीत उभी राहिली. शिवप्रसाद गाडी काढून बाहेर थांबला होता. आत अंकुशराव पाटावर बसले. सगळं त्या एका वाटीवर होतं. वाटी रिकामी झाली तर बस, सरकली तर चूल.

आतून वास आला. जिरं. लसूण. आणि मागं तो ओव्यासारखा, पण ओव्याचा नाही असा वास. पल्लवीनं पडवीचा खांब धरला. तिला काय ते कळलं. कोठीतलं शेवटचं पाकीट! आता मामांना वास लागणार, आता ओळखणार, आता सासूसकट दोघींची...

अंकुशरावांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला. मग भाकरीचा तुकडा वाटीत फिरवून वाटी पुसून काढली.

"आता कसं!" ते गरजले. "ह्याला म्हनत्यात येसर! त्या पाकिटाच्या नादानं जीभ बाटली होती माझी. आज सुद्ध झाली." आणि हात धुता धुता पडवीकडं न बघताच म्हणाले, "जाऊ दे तिला शाळंत. चुलीपाशी नकोच ती."

शिवप्रसादनं गाडी सुरू केली. सुशीलाबाई डबा घेऊन फाटकापर्यंत आल्या. पल्लवीनं त्यांचे दोन्ही हात धरले. "आत्याबाई, ते पाकीट..."

"हळू बोल." त्यांनी मागं वळून पाहिलं. "मला त्या दिवशीच कळलं होतं. शिवप्रसाद वाचायलाय, खिमा घ्या नि मसाला टाका. घ्या म्हनलंय म्हंजी आत नव्हताच की! येवढं कुनालाबी कळतंय, ज्यानं कधी सयपाक केलाय त्याला."

"मग तुम्ही बोलल्या कामून न्हाई?"

"बोलले असते तर तू आज चुलीपुढं असतीस." सुशीलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "माझं येसर चांगलंच हाय गं. गुंडूभावजीच्या लेकीच्या लग्नात गाव खाईल नि बोटं चाटंल. ह्यांचीच जीभ बिघडली. तीस वर्सं जिथं माझा हात चालला तिथं आज पाकीट फोडलं मी. लई लागलं मनाला. पन तू जा."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं जायलेय? मी हाय की इथंच." त्या फाटक लावायला लागल्या, मग थांबल्या. "एक मातर हाय. ते शेवटचं व्हतं. निम्मं ठिवलंय उद्याला. परवा काय करायचं ते तू बघ."

नाक्यावर बस मिळाली. खिडकीशी जागाही मिळाली. गाव मागं पडलं, तशी पल्लवीनं मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी कुठली ते एवढ्या लांबून दिसत नव्हतं, पण आता त्या गजांमागं कोण उभं आहे ते तिला ठाऊक होतं. तिनं फोन काढला. टेक्सासला रात्र होती. अंजूनं झोपेतच उचलला.

"अंजे, ती टाकोची पाकिटं पाठव गं. लगेच."

"एवढ्यात संपली? बरं, पाठवते. किती पाहिजेत?"

पल्लवीनं मांडीवरचा डबा घट्ट धरला. डोळे पुसले.

"मी रिटायर होईस्तोर पुरतील एवढी."